ओळीच्या मधला श्वास

चेन्नईत, आमच्या कोडंबाक्कमच्या सिनेमावाल्यांत एक नियम आहे. तो कुठं लिहिलेला नाही, पण मोडणाऱ्याला पुन्हा कुणी फोन करत नाही. ट्रॅक गाणाऱ्यानं 'हे गाणं मी गायलं' असं कधी म्हणायचं नाही. मोठी गायिका परदेशात असते, इकडं हिरॉइनला नाचायला गाणं उद्याच हवं असतं, मग आमच्यासारखीला बोलावतात. आम्ही अख्खं गाणं सुरात, भावात, हरकतींसकट गाऊन ठेवायचं. महिन्याभरानं मोठी गायिका येते, कानात आमचा आवाज लावते, ऐकून ऐकून तसंच गाते, आणि मग आमचा आवाज पुसून टाकतात. आयत्या पिठावर रेघोट्या म्हणतात त्या याच. अठ्ठावीस वर्षं मी पुसली जातेय. किती गाणी झाली ते मोजणं सोडून दिलं, कारण मोजायला बसलं की माझं डोकं फिरतं.

म्हणून माझ्या पोरीला, कयलला, मी शपथ घातली होती. कोरस गा, देवळात गा, लग्नाच्या ऑर्केस्ट्रात गा, पण ट्रॅक गायचा नाही. गाणं गाशील ते स्वतःच्या नावानं, नाहीतर घरात इडल्या कर. बावीस वर्षांची झाली ती. गळा माझाच, पण वर मैलापूरच्या बाईंकडे दहा वर्षं गाणं शिकलेली. मी जिथं धडपडते तिथं ती चालत जाते.

त्या मंगळवारी सकाळी सबापतीअण्णांचा फोन आला. स्टुडिओत कुणाला बोलवायचं, कुणाला नाही, हे ठरवणारा हा माणूस. आम्ही त्याला देवापेक्षा जास्त घाबरतो, कारण देव निदान यादी करत नाही.

"तिलकम, साडेआठला साळिग्रामममध्ये ये, अन्बरसनच्या स्टुडिओत. कोरसला सहा बायका हव्यात, एकीचा घसा बसलाय," ते म्हणाले. "आणि कयलला म्हणावं, थर्मासमध्ये गरम पाणी आण. वरचे सूर आहेत."

"कयल? ती तर बाईंकडे गेलीय, मैलापूरला."

तीस वर्षं या धंद्यात काढलेल्या माणसाला कुठं गप्प बसायचं ते कळतं. "असेल, असेल," म्हणून त्यांनी फोन ठेवला.

थर्मास एकटीनं गाणारीला लागतो, कोरसला नाही; म्हणजे पोरगी ट्रॅक गायला गेली होती. मी गॅस बंद केला. अर्धा दोसा तव्यावर तसाच राहिला. माझा नवरा ढोलक वाजवायचा, तालाचं मशीन आलं तसं त्याचं ढोलक माळ्यावर गेलं. आता वडपळनीला मोबाइलचं दुकान चालवतो. तो म्हणाला, "अगं, पोरगी आहे, मोठी झालीय, करू दे तिला." मी त्याच्याकडं असं बघितलं की त्यानं आपला दोसा आपणच उलटला.

अन्बरसन हा आताचा संगीतकार, त्याचा स्टुडिओ म्हणजे एका बंगल्याचा खालचा मजला. बाहेरच्या खोलीत आम्ही कोरसच्या बायका बाकावर बसतो, आतल्या खोलीत मशीन, आणि त्याच्या पलीकडं काचेआड गायची खोली. मी पोचले तेव्हा पुष्पम आधीच सांबारात वडा बुडवत बसली होती. ही माझ्याबरोबर वीस वर्षं कोरस गातेय. तोंड फाटकं, मन सोन्यासारखं.

"ये गं ये," ती म्हणाली. "आज सण आहे आपल्याकडं. एवढ्या मोठ्या गायिका हेमलेखाबाई, त्यांची कन्या आता गायिका होणार. पहिलंच गाणं."

"आणि ट्रॅक?"

पुष्पमनं वड्याकडं बघितलं. "वडा घे. गरम आहे."

दार उघडून चहावाली बाई बाहेर आली आणि त्या फटीतून आवाज आला. माझ्या पोरीचा. पल्लवी, म्हणजे गाण्याचं धृपद, गात होती, कोऱ्या करकरीत नोटेसारखा आवाज. त्या हेमलेखाच्या मुलीच्या कानात लावण्यासाठी. तव्यावरून उचललेलं उलथनं हातात असल्यासारखं वाटत होतं.

पल्लवी आणि पहिलं कडवं झाल्यावर कयल पाणी प्यायला बाहेर आली. मला बघून थबकली, मग हनुवटी वर केली. ही हनुवटीसुद्धा माझीच.

"बाईंकडे गेली होतीस ना?" मी म्हटलं.

"अम्मा, ओरडायचं असेल तर घरी ओरड."

"मी कुठं ओरडतेय? मी विचारतेय. शपथ घेतली होतीस का नव्हती?"

"घेतली होती. तेव्हा मी नऊ वर्षांची होते. तेव्हा मी डॉक्टर होईन अशीपण शपथ घेतली होती." तिनं पाण्याचा घोट घेतला. "तीन वर्षं मी नावानं गायला मिळेल म्हणून थांबलेय. कोण देतंय नाव? अन्बरसन सर म्हणाले, हे चांगलं झालं तर पुढच्या वेळी बघू."

"पुढच्या वेळी. मलाही म्हणाले होते, पुढच्या वेळी. त्या पुढच्या वेळीचं श्राद्ध घालून दहा वर्षं झाली."

"तू गप्प बसलीस म्हणून," ती म्हणाली. "तू कधी तोंड उघडलंस का?"

पुष्पम वडा चघळायची थांबली. मला त्या पोरीच्या थोबाडीत द्यावीशी वाटली, आणि वाईट म्हणजे, ती बरोबर बोलत होती म्हणूनच द्यावीशी वाटली.

तेवढ्यात हेमलेखाबाई आल्या. कांजीवरम, केसात हातभर मोगरा, मागं मुलगी तन्विका, हातात मधाच्या पाण्याची बाटली. मुलगी बिचारी वाईट नव्हती. घाबरलेली होती, आणि तिला आपल्याला काय येत नाही ते पुरतं ठाऊक होतं. पहिल्या गाण्याची पूजा झाली. माइकपुढं कापूर लावला, नारळ फोडला, उंबऱ्यावर लिंबू चिरडलं. आरतीचं ताट हेमलेखाबाई, तन्विका, अन्बरसन, मशीनवरचा पळनिवेल असं फिरलं आणि कयलच्या पुढून सरळ निघून गेलं. सकाळपासून त्या माइकवर गायली होती ती. कुणी मुद्दाम नाही केलं, कुणाच्या लक्षातच आलं नाही. मुद्दाम केलं असतं तर मला कमी लागलं असतं.

मग आम्हा कोरसवाल्यांना ओळी समजावून घ्यायला मशीनच्या खोलीत बोलावलं. आम्ही सहाजणी भिंतीला टेकून उभ्या. काचेआड कयल, कानावर हेडफोन. पुढं खुर्चीत हेमलेखाबाई. कयल दुसरं कडवं गायला लागली. त्यात एक ओळ खालून उठून सरळ वरच्या षड्जाला जाते. कयलनं ती एका दमात घेतली, स्वच्छ.

हेमलेखाबाईंनी हात वर केला. "थांबवा जरा." त्यांनी बोलायचं बटण दाबलं. "बाळा, गळा छान आहे हो तुझा. पण फार सरळ गातेस. तन्विका हे ऐकूनच शिकणार आहे ना, मग तिला माझी पद्धत मिळायला हवी. ओळीच्या मध्ये एक श्वास घ्यायचा. ऐकू येईल असा. त्या विहिरीच्या गाण्यात मी घेतलाय बघ, तसा."

मी टेकलेली भिंत सोडून सरळ उभी राहिले.

"पळनिवेल," त्या म्हणाल्या, "ते गाणं लाव बरं. दुसरं कडवं."

पळनिवेलनं माझ्याकडं बघितलं नाही. बावीस वर्षांपूर्वी त्या गाण्याच्या वेळी तो मशीनवरच्या मोठ्या साहेबांचा मदतनीस होता. त्यानं मान खाली घातली आणि गाणं लावलं.

ते गाणं सगळ्या तमिळनाडूला पाठ आहे. मुलगी विहिरीला विचारते, माझी घागर तू ठेवून घेतलीस, आता मी घरी काय सांगू. पल्लवी हेमलेखाबाईंची, पहिलं कडवं त्यांचं. पण दुसऱ्या कडव्याच्या वेळी त्यांना सिंगापूरच्या कार्यक्रमाचं विमान गाठायचं होतं. वरच्या दोन ओळी त्यांना चार वेळा जमल्या नाहीत, घड्याळ बघत त्या निघून गेल्या. संगीतकार चक्रपाणी सर, आता ते नाहीत, ट्रॅक ऐकून म्हणाले, या दोन ओळी तिलकमच्याच राहू देत, कुणाला कळतंय. मला बाजूला घेऊन म्हणाले, तोंड उघडू नकोस, पुढच्या वेळी तुझ्या नावाचं गाणं देतो. मी हात जोडले. हात जोडले मी, मूर्ख बाईनं.

आणि तो श्वास. लोक त्या श्वासावर जीव टाकतात. टीव्हीवरच्या स्पर्धेत दहा दहा वर्षांच्या पोरी तो श्वास घेतात आणि परीक्षक डोळे पुसतात. हेमलेखाबाई स्टेजवर ती ओळ आली की छातीवर हात ठेवून तो श्वास घेतात, लोक शिट्ट्या मारतात. मी घरी टीव्ही बंद करायची आणि भांडी आपटायची. भांड्यांना पोचे पडलेत आमच्या.

ओळ आली. श्वास आला. हेमलेखाबाईंनी डोळे मिटले, मान डोलावली. बटण दाबूनच ठेवलं होतं त्यांनी. "ऐकलंस? शब्दाच्या मधोमध. मी मुद्दाम घेतला होता तो. त्या मुलीचा जीव घुसमटतोय असा भाव मला सापडला, आणि आपोआप आला."

काचेआड कयलनं हेडफोन कानावर घट्ट दाबला. गाणं पुढं गेलं तरी ती तशीच उभी. मग तिनं मान वर करून माझ्याकडं बघितलं. ही पोर माझ्या कुशीत झोपली तेव्हापासून मला गुणगुणताना ऐकतेय. दोशाचं पीठ वाटताना, केस विंचरताना. मी अजूनही उंच ओळीच्या मध्येच श्वास घेते, सवय लागली ती सुटली नाही.

"ही अम्मा आहे," ती म्हणाली. माइक चालू होता. सगळ्या खोलीत ऐकू गेलं. "या दोन ओळी माझी अम्मा गातेय."

पळनिवेलनं गाणं बंद केलं.

"काय म्हणतेय ही?" हेमलेखाबाईंनी हसत हसत अन्बरसनला विचारलं.

अन्बरसननं दारात उभ्या सबापतीअण्णांकडं बघितलं, अण्णांनी माझ्याकडं. त्या नजरेचा अर्थ मला अठ्ठावीस वर्षांपासून पाठ आहे. नाही म्हण. नाही म्हण, म्हणजे उद्या तुझा फोन वाजेल आणि पोरीचाही.

आणि मी नाही म्हटलं.

"लहान आहे मॅडम," मी म्हटलं. "घरी मी ते गाणं गुणगुणते, म्हणून तिला तसं वाटलं असेल." वर हसलेसुद्धा. जिभेला वळणच तसं पडलेलं, काय करणार.

काचेआड कयलचा चेहरा उतरला. ती माझ्यावर रागावली नाही. रागावली असती तर परवडलं असतं. आई खोटं बोलते हे पहिल्यांदाच कळलेल्या पोरीसारखी तिनं नजर वळवली आणि खाली कागदाकडं बघत म्हणाली, "सॉरी मॅडम. घेते श्वास. कुठं घेऊ म्हणालात?"

बस. तिथं माझं फुटलं. बावीस वर्षं तोंड दाबून बुक्क्यांचा मार खाल्ला तो मी खाल्ला. पण माझ्याच पोटच्या पोरीनं माझाच श्वास त्या बाईकडून शिकायचा, आणि तो पुन्हा त्या बाईच्या मुलीच्या कानात ओतायचा? मी पुष्पमला बाजूला सारलं, काचेच्या खोलीचं दार ढकललं आणि माइकपुढं उभी राहिले. चप्पलसुद्धा काढली नाही. कयलच्या कानावरचा हेडफोन काढला नाही, पट्टी मागितली नाही. त्या दोन ओळी गायले.

चौपन्नाव्या वर्षी गळा जाड होतो. पण ओळ चढली. श्वास जिथं होता तिथंच आला, आणि पुढची हरकत घसरत घसरत विहिरीत उतरावी तशी उतरली. दोन ओळी, वीस सेकंद.

मशीनच्या खोलीतून बटण दाबल्याची खट्ट आली आणि पाठोपाठ हेमलेखाबाईंचा गोड आवाज. "वा. अगदी हुबेहूब नक्कल करता हो तुम्ही."

मी बाहेर आले, त्यांच्या खुर्चीपुढं उभी राहिले. "मॅडम, तो श्वास का घेतला होता, पुन्हा सांगा."

"सांगितलं ना. भाव."

"भाव नव्हता. सातवा महिना होता. ही पोटात होती," मी कयलकडं बोट केलं. "ओळ अर्ध्यावर असताना हिनं फासळीखाली लाथ मारली आणि माझा दम तुटला. चूक होती ती माझी. चक्रपाणी सर म्हणाले, राहू दे. बावीस वर्षं तुम्ही छातीवर हात ठेवून माझ्या पोरीची लाथ विकताय."

हेमलेखाबाईंच्या चेहऱ्याकडं मी नीट बघत होते. मला वाटलं होतं त्या पकडल्या गेल्यासारख्या दिसतील. तसं झालं नाही. त्यांना खरंच आठवत नव्हतं. एवढ्या वेळा ते गाणं गाऊन, ऐकून, त्यांना तो गळा स्वतःचाच वाटायला लागला होता. माझा राग त्यानं दुप्पट झाला. चोराला निदान आपण चोरी केल्याचं ठाऊक असतं.

"पळनिवेल," त्या म्हणाल्या, "तू होतास ना तेव्हा? सांग यांना."

पळनिवेल मशीनच्या बटणांकडं बघत राहिला. त्याच्या मानेवर घाम आला होता. "बावीस वर्षं झाली मॅडम," तो म्हणाला. "किती गाणी झाली. मला नाही आठवत."

"शाब्बास," पुष्पम मागून म्हणाली. "बायकोचं नाव तरी आठवतं का रे?"

सबापतीअण्णा माझ्या दंडाला धरून कुजबुजले, "तिलकम, बाहेर चल. माफी माग आणि बाहेर चल. पोरीचा विचार कर."

"पोरीचाच करतेय. हिनं सकाळपासून गायलेलं आधी पुसा. माझ्यासमोर."

अन्बरसन वैतागला. पोरगा तीस-बत्तीसचा, शिव्या देत नाही, पण घड्याळ सारखं बघतो. "अक्का, असं कसं पुसू? एक वाजेपर्यंत गाणं संपवायचंय. तन्विका ते ऐकल्याशिवाय एक ओळ गाऊ शकत नाही, तुम्हाला माहीत आहे."

"मला माहीत आहे. म्हणूनच पुसा म्हणतेय."

"ते काही नाही," अन्बरसन म्हणाला, आणि तेवढ्यात मशीनच्या पडद्यावरच्या हिरव्या लांब रेघा नाहीशा झाल्या. सकाळपासूनची पल्लवी, पहिलं कडवं, सगळं.

"पळनिवेल, काय केलंस?"

"चुकून दाबलं गेलं सर," पळनिवेल म्हणाला. अजूनही तो माझ्याकडं बघत नव्हता. "परत आणायला गेलो, तर जपून ठेवलेली प्रतही पुसली गेली."

तोंडानं खरं बोलायची हिंमत नव्हती त्याच्यात. बोटात होती तेवढी. मी त्याचे आभार मानले नाहीत. बावीस वर्षं उशिरा आलेल्या माणसाला चहा कोण विचारतं?

कयल काचेच्या खोलीतून बाहेर आली, आपला थर्मास उचलला आणि माझा हात धरला. बाहेरच्या बाकावर आम्ही बसलो. तिनं थर्मासच्या झाकणात गरम पाणी ओतून मला दिलं. निम्मं पाणी साडीवर सांडलं.

"फोन नाही वाजायचा आता," मी म्हटलं. "तुझा पण नाही."

"मला पुसलेलं बरं वाटलं, अम्मा," ती म्हणाली. मग तिनं विचारलं, "खूप जोरात लाथ मारली होती का मी?"

"ओरडू नये म्हणून तोंडावर हात ठेवावा लागला नाही एवढंच."

आत काय चाललं होतं ते पुष्पम दारात उभी राहून आम्हाला सांगत होती. दुसऱ्या ट्रॅकवालीला फोन झाला, ती सेलमला होती. तिसरीचा घसा बसला होता. कोरसच्या बाकी बायकांना विचारलं, तर चौघींना एकदमच खोकला झाला. पुष्पम स्वतः म्हणाली की तिला वरचा षड्ज डॉक्टरनं बंद केलाय. शेवटी अन्बरसननं हेमलेखाबाईंपुढं हात जोडले. मॅडम, तुम्हीच गा ट्रॅक. तुमचीच मुलगी आहे, तुमचीच पद्धत हवी आहे, तुमच्याशिवाय चांगलं कोण गाणार?

त्या गेल्या काचेआड. नाही कसं म्हणणार?

पुष्पमनं दाराच्या फटीत पाय घालून ठेवला होता, त्यामुळं आम्हाला सगळं ऐकू येत होतं. पल्लवी झाली, चांगली झाली. गळा आहे त्यांच्याकडं, खोटं कशाला बोलू. मग दुसरं कडवं आलं. ती ओळ खालून उठली. मधला श्वास एकदम झकास आला, मोगरा आणि कांजीवरमसकट. आणि श्वासानंतर सूर अर्ध्यावरच बसला. परत लावलं. परत श्वास, परत सूर खाली. तिसऱ्यांदा. चौथ्यांदा हरकतीत गळा चिरकला आणि हेमलेखाबाई खोकल्या. पाणी मागितलं. कुणीतरी मधाची बाटली नेऊन दिली.

मी उठायला लागले, तर कयल म्हणाली, "बस ना. ऐकू."

आठव्यांदा चुकल्यावर सबापतीअण्णा बाहेर आले. शर्ट पाठीला चिकटला होता. माझ्यासमोर उभे राहिले, मघाशी दंड धरलेला तोच हात आता कपाळावर फिरवत. "तिलकम, झालं गेलं सोड. तू काही गाऊ नकोस, ट्रॅक नको. फक्त आत येऊन त्यांना एकदा म्हणून दाखव. श्वासानंतर वर कसं जायचं तेवढंच. एकदाच."

मी थर्मासचं झाकण लावलं. पदर झटकला. कयलला उठवलं.

"मी कशाला दाखवू, अण्णा?" मी म्हटलं. "त्यांच्याच रेकॉर्डवर आहे ना ते? लावा आणि ऐकून शिका म्हणावं."

आणि आम्ही दोघी दोसे करायला घरी गेलो.